चोकांजी व्ही चालवून पाहायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जपानी शिकणारे आणि शिकून जपानी कंपन्यांची कामं करणारे कमी नाहीत. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी वाचनात कधीतरी 'ट्रॉन' हा शब्द येतो आणि मग मला मेल येते: ही जपान्यांची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणे, आपल्या लॅपटॉपवर चालेल का? तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र ठेवते आहे. मेल टाकण्याआधी एवढं वाचा.

१. चोकांजी व्ही म्हणजे नेमकं काय? लिनक्सचीच एखादी जपानी आवृत्ती का?

नाही. तिचं घराणंच वेगळं. टोकियो विद्यापीठात केन साकामुरा यांनी १९८४ साली ट्रॉन प्रकल्प सुरू केला. यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या चिपपासून ऑफिसातल्या टेबलावरच्या संगणकापर्यंत सगळ्यांसाठी एका विचाराने आखलेल्या सिस्टीम असाव्यात, अशी ती कल्पना. यंत्रांसाठी आयट्रॉन, दूरसंचारासारख्या मोठ्या यंत्रणांसाठी सीट्रॉन आणि माणसाच्या टेबलासाठी बीट्रॉन. यातली बीट्रॉन टोकियोतल्या पर्सनल मीडिया या कंपनीने साध्या पीसीवर आणली. १९९९ मध्ये ती 'चोकांजी' नावाने विकायला आली आणि २००६ मध्ये तिची 'व्ही' आवृत्ती निघाली. या पानावर त्याच आवृत्तीबद्दल लिहिलंय. जुन्या आवृत्त्यांसाठी प्र. १७ पाहा.

२. मला फक्त जपानी टाइप करायचंय. ही घेऊ का?

नको. विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन जपानी जोडा, काम झालं. लिनक्सवर असाल तर मोझुक बसवा. गूगलच्या जपानी इनपुटचंच ते मुक्त रूप आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या तयारीसाठी विचारत असाल तर तिथे टाइपच काय, हाताने वाक्यसुद्धा लिहावं लागत नाही. सगळं पर्याय निवडून गोल काळे करण्याचं काम.

३. मोफत मिळते का?

नाही, हे विकत घ्यायचं उत्पादन आहे. पेटी, माहितीपुस्तिका, मदतीची पानं, सगळं जपानीत. घेण्याआधी कंपनीच्या जपानी पानावर सध्याची विक्री कशी चालते आणि विंडोजच्या कुठल्या आवृत्त्या चालतात ते स्वतः वाचा. एवढं वाचताना दमछाक झाली, तर आतला संसार त्याहून अवघड आहे हे समजून घ्या. साधारण जेएलपीटीच्या एन-३ या मधल्या पातळीचं वाचन असलं की निभावतं. आणि कुठल्यातरी साइटवर पडलेली 'तयार इमेज' उतरवू नका. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय तिच्यात कुणी काय भरलंय याची खात्री कोण देणार?

४. माझ्या संगणकावर चालेल का? विंडोज पुसावी लागेल का?

काही पुसावं लागत नाही. व्ही आवृत्ती विंडोजच्या आत, व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात चालते. २००६ च्या मानाने आखलेली असल्यामुळे आजचा कुठलाही साधा लॅपटॉप तिला भरपूर झाला. अडचण दोनच ठिकाणी येते. तुमचा संगणक एआरएम चिपचा असेल (नवी मॅकबुक, काही नवे विंडोज लॅपटॉप), तर त्या वाटेला जाऊ नका. ही सिस्टीम इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी आहे. दुसरं म्हणजे जुन्या सूचनांमध्ये जो 'व्हीएमवेअर प्लेअर' लिहिलेला सापडतो, तो स्वतंत्र प्रोग्रॅम आता बंद झालाय. व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमने २०२४ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो फुकट केलं, आता तेच वापरायचं. जुनी आभासी मशीन उघडताना ते 'अपग्रेड करू का' असं विचारतं. हो म्हणण्याआधी त्या मशीनच्या अख्ख्या फोल्डरची प्रत काढून बाजूला ठेवा. ही प्रत पुढेही कामी येते (प्र. ९).

५. इन्स्टॉल करताना खिडकीत नुसती गिचमिड दिसते. फाइल खराब आहे का?

फाइल चांगली असते. इन्स्टॉलरमधला जपानी मजकूर शिफ्ट-जिस या जुन्या सांकेतिक पद्धतीतला आहे आणि तुमची विंडोज तो इंग्रजी समजून वाचते. कंट्रोल पॅनेलमध्ये रिजन, तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथे युनिकोड नसलेल्या प्रोग्रॅमची भाषा जपानी करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. त्याच चौकटीत यूटीएफ-८ चा 'बीटा' म्हणून एक पर्याय असतो. त्याच्यापुढे टिक असेल तर ती काढा, नाहीतर भाषा बदलूनही गिचमिड तशीच राहील.

याचा एक फटका मराठीवाल्यांना बसतो, तो आधीच सांगते. त्याच संगणकावर युनिकोडपूर्व मराठी फाँटची जुनी डीटीपी कामं असतील, तर हे सेटिंग बदलल्यावर त्यातली अक्षरं फुटू शकतात. त्या फाँटांनी जे कोड मराठी अक्षरांना दिलेत, त्यांतले बरेचसे कोड जपानी पद्धतीत दोन-दोनच्या जोड्यांनी वाचले जातात. इन्स्टॉल उरकलं की सेटिंग परत मूळ जागी आणा. शेजारच्या प्रेसची लग्नपत्रिका अडकलेली असताना तर हा प्रयोग करूच नका.

६. @ टाइप केलं की दुसरंच काहीतरी उमटतं. कीबोर्ड बिघडला का?

तुमचा कीबोर्ड आहे अमेरिकन मांडणीचा आणि सिस्टीम त्याला जपानी समजते आहे. सेटिंगमध्ये कीबोर्डचा प्रकार १०१ कळांचा निवडा. ते करेपर्यंत हे लक्षात ठेवा: @ हवं असेल तर 'पी'च्या लगेच उजवीकडची, चौकटी कंसाची कळ दाबा. शिफ्ट आणि २ दाबलं तर दुहेरी अवतरण येतं. कंस उघडायला शिफ्ट-८, मिटायला शिफ्ट-९. बरोबरचं चिन्ह शिफ्ट आणि वजाच्या कळीवर. अधोरेखा मात्र मिळणारच नाही, कारण जपानी कीबोर्डवर उजव्या शिफ्टच्या डावीकडे जी एक जादा कळ असते तिच्यावर ती आहे आणि आपल्याकडे ती कळच नाही.

जपानी मजकूर टाइप करायची रीत सगळीकडची तीच: रोमन अक्षरांत उच्चार, मग स्पेसने कांजी (जपानीतली मूळ चिनी अक्षरं). नवशिके 'कोन्निचिवा'पाशी हमखास अडतात. तिथे 'एन' तीनदा दाबायचा आणि शेवटचा 'वा' हा 'हा' म्हणून टाइप करायचा. टोकियोला दोन्ही ठिकाणी 'ओ'नंतर 'यू' द्यावा लागतो.

७. उघडली, पण मेन्यूच नाही. खिडकीला फुलीही नाही. बंद कशी करू?

मेन्यू उजव्या क्लिकमध्ये आहे. जिथे काम चाललंय तिथेच तो उघडतो, वरच्या पट्टीपर्यंत हात न्यावा लागत नाही. खिडकी बंद करायला तिच्या शीर्षकपट्टीच्या डाव्या टोकाला जी छोटी चित्रखूण असते तिच्यावर दोनदा क्लिक करा. नवा दस्तऐवज हवा असेल तर 'नवीन फाइल' शोधू नका. कोऱ्या कागदांची एक पेटी असते. तिच्यातून मजकुराचा, चित्राचा किंवा तक्त्याचा, हवा तो कागद माउसने ओढून बाहेर काढायचा, त्याला नाव द्यायचं आणि लिहायला लागायचं.

माउसचा बाणही ठिकाण पाहून रूप बदलतो. कुठे बोट, कुठे उघडा पंजा, काही उचललं की मूठ. सिस्टीम कामात गुंतली की तिथे जपानी चहाचा पेला दिसतो. पेला दिसला की थांबा, उगाच क्लिक करत बसू नका.

८. फोल्डर कुठे आहेत?

फोल्डर नाहीत. ही सिस्टीम चालवून पाहायची ती मुख्यतः यासाठी, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बीट्रॉनमध्ये माहितीचा जो प्रत्यक्ष गठ्ठा असतो त्याला 'जिश्शिन' म्हणतात आणि त्याच्याकडे नेणाऱ्या आयताकृती पट्टीला 'काशिन'. पट्टीवर चित्रखूण आणि नाव असतं. ही पट्टी कुठल्याही मजकुराच्या मधोमध, चित्रात, तक्त्याच्या घरात, कुठेही बसते. म्हणजे 'आत कागद ठेवायची जागा' आणि 'कागद' असा भेदच उरत नाही. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदांना धरून ठेवू शकतो.

समजा तुम्ही भाषांतराची कामं करता. एका ग्राहकाच्या नावाचा कागद आहे, एक मे महिन्याचा कागद आहे आणि एक आहे पारिभाषिक शब्दांच्या यादीचा. परवाच्या बैठकीची टिपणं लिहिलीत. त्यांची पट्टी ग्राहकाच्या कागदावर चिकटवा, हवी तर मे महिन्याच्याही. प्रत निघत नाही, टिपण एकच राहतं. कुठूनही उघडून दुरुस्ती केलीत की ती सगळीकडे झालेली असते. टिपणाच्या मध्येच शब्दयादीची पट्टी टाका आणि तिचा कोपरा ओढून मोठी करा, की यादीतला मजकूर तिथल्या तिथे, वाक्यांच्या मध्ये दिसायला लागतो.

'मग हा विंडोजचा शॉर्टकटच झाला की,' असं प्रत्येक जण म्हणतो. शॉर्टकट मूळ जागेचा पत्ता धरून बसतो. मूळ फाइल हलवली की शॉर्टकट मरू शकतो. इथे मूळ जागा नावाची गोष्टच नाही, सगळ्या पट्ट्या सारख्या मानाच्या. युनिक्स ठाऊक असलेल्यांना हार्ड लिंक आठवेल. तुलना ठीक आहे, पण हार्ड लिंक वाक्याच्या मध्ये बसवता येत नाही.

सुरुवातीला सवयीने आपण इथेही फोल्डरच करायला जातो: एका कागदावर नुसत्या पट्ट्यांची रांग, मधे मजकूर शून्य. तसं केलंत तर काही हाती लागणार नाही. आधी वाक्यं लिहा, पट्ट्या वाक्यांत टाका.

९. पट्टी पुसली तर आतला मजकूर जातो का?

दुसरीकडे त्याच मजकुराची आणखी एक पट्टी असेल तर जात नाही. आपल्याकडे किती पट्ट्या येतात याची मोजणी प्रत्येक जिश्शिन ठेवतो. शेवटची पट्टी गेली आणि मोजणी शून्यावर आली की तो निराधार होतो. अशांना शोधून परत आणायची किंवा कायमचं पुसायची एक वेगळी सोय सिस्टीममध्ये आहे, ती वापरायला आधीच शिकून घ्या.

खरी गुंतागुंत पुढे आहे. पहिल्या कागदात दुसऱ्याची पट्टी आहे, दुसऱ्यात पहिल्याची, आणि बाहेरून त्या दोघांकडे येणारी शेवटची पट्टी तुम्ही पुसलीत. दोघांची मोजणी अजून एक-एक आहे, म्हणून निराधार कुणीच नाही, पण तुम्हाला तिथवर जायला वाट उरलेली नाही. पट्ट्या मोजून चालणाऱ्या कुठल्याही पद्धतीत ही फट राहतेच. त्यावर सोपा उपाय: सगळ्यात बाहेरच्या खिडकीत 'सगळं' नावाचा एक कागद ठेवा आणि महत्त्वाच्या प्रत्येक गोष्टीची एक पट्टी तिथे टाकत चला. आणि आभासी मशीनच्या फोल्डरची प्रत आहेच (प्र. ४).

१०. १ लाख ८० हजार अक्षरं आहेत म्हणतात. युनिकोड असताना ती हवीत कशाला?

आकडा कंपनीच सांगते आणि तो साधारण तेवढाच आहे. पण त्याचा अर्थ १ लाख ८० हजार वेगवेगळी अक्षरं असा घेऊ नका.

आधी पार्श्वभूमी. जपानी संगणकांवर बरीच वर्षं चालत आलेल्या जिस मानकात ६,३५५ कांजी होत्या. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत, म्हणजे पेपर वाचायला ६,३५५ भरपूर. अडतं ते माणसांच्या नावांत. योशिदा आडनावातली पहिली कांजी घ्या. तिच्या वरच्या भागात दोन आडव्या रेघा असतात. वरची लांब, खालची आखूड हे नेहमीचं रूप. काही घराण्यांत मात्र खालची रेघ लांब असते आणि ती माणसं त्याबाबत ठाम असतात. योशिनोया या भात-गोमांसाच्या खानावळींच्या पाटीवरही हेच रूप आहे. जुन्या मानकात ते नव्हतं. ताकाहाशीतल्या 'ताका'चं, वातानाबेतल्या 'नाबे'चं असंच. नाव चुकीचं छापलेलं कुणाला आवडेल?

युनिकोडने चिनी, जपानी, कोरियन अशा तिन्हींकडची 'एकच' मानता येतील अशी अक्षरं एका कोडाखाली आणली. हाड या अर्थाची कांजी चीनमध्ये आणि जपानमध्ये छापताना आतला छोटा चौकोन विरुद्ध बाजूंना असतो, पण कोड एकच. कुठलं रूप दिसेल ते फाँट ठरवतो. ट्रॉनवाल्यांना हे पटलं नाही. त्यांच्या कोडात प्रत्येक स्रोताचा संच वेगळा ठेवलेला आहे: जपानी मानक वेगळं, चिनी वेगळं, कोरियन वेगळं, टोकियो विद्यापीठाचा जीटी संच वेगळा. म्हणून एकच कांजी तुम्हाला तीन-चार ठिकाणी सापडते आणि मोठ्या आकड्यात हा हिशेब धरलेला आहे.

माझं मत विचाराल तर १९९९ मध्ये हा मोठा फायदा होता, आज तेवढा राहिलेला नाही. युनिकोडमध्ये आता ९० हजारांहून जास्त कांजी आहेत, योशिदाचं ते रूपही आहे आणि अक्षराच्या पाठीमागे खूण जोडून नेमकं रूप निवडायची सोयही झाली आहे. चोकांजीचं अक्षरशोध हे साधन मात्र अजून आवडतं. कांजीचे तुकडे द्या, रेघांची संख्या द्या, उच्चार द्या, आणि ती उमेदवार समोर मांडते. उच्चार माहीत नसलेलं एखादं जुनं नाव समोर आलं की तिथे बसून खेळण्यात संध्याकाळ सहज जाते.

११. शोध घेतला तर डोळ्यांसमोर असलेलं अक्षर सापडत नाही. का?

बहुतेक वेळा दिसायला तेच, पण दुसऱ्या संचातलं अक्षर तुम्ही मजकुरात घातलेलं असतं (कारण प्र. १० मध्ये). अक्षरशोधातून उचलताना शक्यतो नेहमी एकाच संचातलं घ्या. नेहमीच्या मजकुरासाठी सरळ टाइप करून येणारं रूप वापरा आणि दुर्मीळ रूप फक्त नावापुरतं.

१२. इथला मजकूर विंडोजमध्ये नेला तर मधेच दोन जाड आडव्या रेघा येतात.

तो 'गेता'. ज्या अक्षराला पलीकडच्या पद्धतीत जागाच नाही, त्याच्या जागी ही खूण बसते. छापखान्यात टाइप मिळाला नाही की खिळा उलटा लावायचे, त्याच्या ठशावरून ती आलेली आहे. फाइल बदलायच्या साधनात शिफ्ट-जिसऐवजी युनिकोडचा पर्याय असेल तिथे तो घ्या, गेता कमी होतील. पट्ट्यांचं जाळं मात्र कुठल्याच मार्गाने बाहेर येत नाही. म्हणून एकमेव प्रत इथेच असलेलं कुठलंही काम करू नका.

१३. मराठी लिहिता येईल? इंटरनेट, बँक, मेल?

मराठी बाहेर विंडोजमध्ये लिहा. ही सिस्टीम त्यासाठी घडवलेलीच नाही. ब्राउझर जुन्या जमान्यातला आहे, आजच्या साइटींशी त्याचं जमत नाही. बँकेचा तर विचारही नको.

१४. प्रोग्रॅम लिहिता येतात का?

येतात. मायक्रोस्क्रिप्ट नावाची भाषा आहे आणि तिच्यातल्या आज्ञा जपानी शब्दांत आहेत. चित्राच्या कागदावर काढलेल्या आकृत्यांना आज्ञा देऊन त्यांना हलवायचं, क्लिकला उत्तर द्यायला लावायचं, असा तिचा बाज. ज्यांना जपानी आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही थोडं-थोडं येतं त्यांनी इथे जरूर रमावं. बाकीच्यांनी सोडून द्यायला हरकत नाही.

१५. अमेरिकेने दबाव आणून ट्रॉन मारली, हे खरं का?

अर्धं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानी शाळांतल्या संगणकांसाठी बीट्रॉन निवडायचं घाटत होतं आणि मात्सुशिता कंपनीने नमुने तयार केले होते. १९८९ मध्ये अमेरिकी व्यापार प्रतिनिधींच्या अहवालात ट्रॉनचं नाव व्यापारातला अडथळा म्हणून आलं. त्याच वर्षी अमेरिकी व्यापार कायद्याच्या सुपर ३०१ कलमाखाली जपानविरुद्ध जी अंतिम यादी निघाली तिच्यात होते महासंगणक, उपग्रह आणि लाकडी माल. ट्रॉन त्यात नव्हती. पण नाव आल्याची भीती कंपन्यांना पुरली. शाळांचा बेत बारगळला आणि बऱ्याच कंपन्यांनी अंग काढून घेतलं.

गोष्ट सांगणारे एक भाग गाळतात. तेव्हाच्या जपानी बाजारात एनईसी कंपनीच्या पीसी-९८ या संगणकाची सद्दी होती, तो चालायचा एमएस-डॉसवर आणि शाळांनी बीट्रॉन घेणं एनईसीला मुळीच सोयीचं नव्हतं. म्हणजे घरातूनही विरोध होताच.

याला जोडून मेलमध्ये दुसरीही एक गोष्ट येते: १२ ऑगस्ट १९८५ च्या जपान एअरलाइन्सच्या अपघातात ट्रॉनचे अभियंते 'संपवले' गेले. त्या अपघातात ५२० माणसं गेली. चौकशीत निघालेलं कारण होतं विमानाच्या शेपटीकडच्या दाबभिंतीची आधी चुकीची झालेली दुरुस्ती. कटाला पुरावा नाही. ही मेल पुढे ढकलू नका.

१६. म्हणजे ट्रॉन संपली?

डेस्कटॉपवर जवळपास. यंत्रांच्या पोटात नाही. आयट्रॉन आणि तिच्या पुढच्या पिढ्या गाड्या, कॅमेरे, घरगुती उपकरणं यांच्यात चालत आल्या. तिच्या मायक्रो टी-कर्नेल या गाभ्यावर आधारलेलं आयईईई २०५० हे मानक २०१८ मध्ये आलं (आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) आणि २०२३ मध्ये आयईईईने ट्रॉन घराण्याला 'माइलस्टोन'चा मान दिला. तुमच्या घरातल्या एखाद्या जपानी वस्तूत ती बसलेली असू शकते, फक्त ती तुम्हाला खिडकी उघडून दाखवत नाही.

१७. जुन्या बाजारात चोकांजी ४ ची पेटी मिळाली. तीच चालवू का?

ती थेट पीसीवर बसायची आवृत्ती आहे. नव्या लॅपटॉपवर तिच्या वाटेला जाऊ नका: यूईएफआयची सुरुवात, नव्या प्रकारची डिस्क, यातलं काहीच तिला ठाऊक नाही. घरात २००० च्या आसपासचा, आयडीई डिस्कचा डेस्कटॉप पडला असेल तर मात्र मजा आहे. त्यातली जुनी डिस्क काढून ठेवा आणि दुसरी लावूनच प्रयोग करा, कारण डिस्कचे भाग पाडताना चुकीचा भाग निवडला तर मागचं सगळं जातं.

१८. हे सगळं फार वाटतंय. जपानी वळणाची दुसरी, सोपी सिस्टीम सुचवा.

फुकट आणि आजची हवी असेल तर उबुंटू लिनक्सच्या जपानी चमूने तयार केलेला रिमिक्स. पेनड्राइव्हवर टाका, काहीही न बसवता चालवून पाहा. व्हाइन लिनक्स कधीकाळी जपानी घरांत आवडीने वापरलं जायचं, पण २०२१ मध्ये त्याचं काम थांबलं, आता नव्याने बसवू नका. इतिहासात रस असेल तर पीसी-९८ चं एम्युलेटर (त्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) बघा. १९८२ पासूनच्या त्या यंत्रात कांजींचे आकार वेगळ्या चिपमध्ये कोरलेले असायचे. १९९० मध्ये आयबीएम जपानच्या डॉस-व्हीने तेच काम साध्या व्हीजीए पडद्यावर नुसत्या सॉफ्टवेअरने करून दाखवलं आणि परदेशी बनावटीच्या स्वस्त पीसींना जपानचं दार उघडलं. दोन्ही एकापाठोपाठ चालवून पाहा. डॉस-व्हीवर मजकूर सरकताना जो किंचित आळस जाणवतो, तो या चिपच्या अभावाचा.